दोन मायनर

आमचा पेपर मराठी आहे, पण तो तयार होताना ऑफिसात जे बोललं जातं ते निम्मं इंग्रजी असतं. माणूस मेला की त्याची बॉडी होते. त्याची बायको रडत काही बोलली की तो बाइट होतो. दोन्ही मिळालं की स्टोरी होते, आणि जाहिरात आली की ती स्टोरी उडते. हे शब्द छापले जात नाहीत. छापताना त्यांचं नीट, इस्त्री केलेलं मराठी करायचं, हेच डेस्कवरच्या आम्हा लोकांचं काम. मला या शब्दांचा कधी राग आला नव्हता. प्रत्येक धंद्याची बोली असते, तशी ही आमची.

त्यातला एक शब्द मायनर. तो रोज येतो. मुलीला पळवून नेल्याची बातमी आली की डेस्कवरून पहिला प्रश्न सुटतो, मायनर आहे का? हो म्हटलं की बातमी पहिल्या पानावर चढते आणि मुलीचं नाव गाळलं जातं. रिक्षा उलटल्याची किंवा कंपनीत आग लागल्याची बातमी आली की तोच प्रश्न, त्याच सुरात. मायनर आहे का? हो म्हटलं की बातमी चौथ्या पानावर घसरते, किंवा जागा नसली तर पडतेच. पहिल्या मायनरचं मराठी अल्पवयीन, दुसऱ्याचं किरकोळ. कुठला मायनर कुठला, हे विचारायची वेळ कोणावर यायची नाही. बातमी गुन्ह्याची की अपघाताची, एवढ्यावरून ते आपोआप कळायचं. निदान आम्हाला तसं वाटायचं.

आमचं ऑफिस उल्हासनगरात, जीन्सच्या दुकानांच्या डोक्यावर. मालक सिंधी शेठ. त्यांना मराठी बोलता चांगलं येतं, वाचायचा कंटाळा आहे. सकाळी पेपर हातात घेतला की ते फक्त जाहिराती मोजतात आणि खूश असले तर म्हणतात, बेटा, आज अच्छा लिखा है. संपादक मराठी, सभ्य, दमलेले. त्यांना सगळे सर म्हणतात. डेस्कचे प्रमुख वयाने मोठे, त्यांना सगळे दादा म्हणतात. मी डेस्कवर सगळ्यात लहान. दादा मला कधी मॅडम म्हणतात, कधी कॉम्रेड. दोन्ही वेळा टोमणाच असतो.

कॉम्रेड म्हणण्याला कारण आहे. माझे वडील अंबरनाथच्या एका कंपनीत होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकले ती पुस्तकावर नाही, पत्रकांवर. पिवळ्या, गुलाबी कागदांचे गठ्ठे आमच्या पलंगाखाली असायचे. एकेक कागद वेगळा करताना शाई बोटांना लागायची. ‘कामगार बंधू-भगिनींनो’ हे मी वाचलेलं पहिलं वाक्य असावं. पत्रकात काहीही लहान नसायचं. कपात अमानुष असायची, लढा निर्णायक असायचा, आणि चुकीच्या बाजूला उभा असलेला माणूस गद्दार असायचा. शब्द कुठल्या तरी बाजूचाच असतो, मधे उभा राहत नाही, हे मी तिथे शिकले. अजूनही मला ते बरंचसं खरं वाटतं.

अंबरनाथच्या एका लहानशा केमिकल कंपनीत आग लागली तेव्हा मी नगरपालिकेचं पान करत होते. आमच्या तिथल्या वार्ताहराचा मेसेज ग्रुपवर आला. तो चालत्या बाइकवरून मेसेज पाठवतो की काय, असं वाटावं इतकं त्याचं लिहिणं तुटक असतं. केमिकल कंपनीत फायर, टू मायनर इंज्युअर्ड, फायर कंट्रोलमध्ये. दादांनी तेवढ्याची बातमी केली. दुसऱ्या दिवशी चौथ्या पानावर खाली आली: ‘कंपनीत आग, दोघे किरकोळ जखमी’. मी ती वाचली आणि पान उलटलं. अशा बातम्या आमच्याकडे पाण्याच्या टँकरसारख्या येतात आणि जातात.

दोन-तीन दिवसांनी तो वार्ताहर ऑफिसात आला. मला माझ्या पानासाठी खोदलेल्या रस्त्याचा फोटो हवा होता, म्हणून तो मोबाइलमधले फोटो एकेक करून सरकवत होता. खड्डा, खड्डा, कुणाचा तरी वाढदिवसाचा केक, आणि मग दोन मुली. दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या. अंगात कंपनीचे एप्रन, पार घोट्यापर्यंत आलेले. एकीच्या पोटरीवर मलम लावलेलं. दुसरीने उजवा हात खांद्याच्या वर धरला होता, पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला. वर्गात उत्तर येत असलं की मुली हात वर करतात, तसा.

मी विचारलं, ह्या कोण?

“त्या मायनर,” तो म्हणाला. “तुम्हीच नाही का छापलं.”

मी म्हटलं, छापलंय ते किरकोळ जखमी. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग त्याने आमचा अंक ओढून घेतला, बातमी वाचली, आणि हसला. त्याने आपलीच बातमी छापून आल्यावर वाचली नव्हती.

“किरकोळ कोण म्हणालं? मी मायनर लिहिलंय. पोरी आहेत त्या, पंधरा-सोळाच्या. ड्रम धुवत होत्या. डेस्कला जरा इंग्लिश शिकवा की मॅडम.”

मी ती बातमी पुन्हा वाचली. दोघे, असं लिहिलं होतं. दोघीसुद्धा नाही. दोन मुली कारखान्यात भाजल्या आणि आमच्या मराठीत त्यांचं वयही गेलं, मुलगी असणंही गेलं, आणि उरलं काय, तर काही विशेष झालं नाही एवढंच. कोणी लाच घेतली नव्हती. कोणी दाबलं नव्हतं. कुणा शेठचा फोन आला नव्हता. आमच्या पत्रकांमध्ये सत्य नेहमी कुणीतरी दडपायचं. इथे ते कुणीच दडपलं नव्हतं, आणि तरी ते गेलं होतं. 

दादांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा वर केला. अपघाताच्या बातमीत मायनर म्हणजे किरकोळच, ते म्हणाले. आजवर असंच चालत आलंय. त्याला अल्पवयीन म्हणायचं होतं तर त्याने तसं लिहायचं. वार्ताहर म्हणाला, मला मराठी टायपिंगला वेळ लागतो. मग दोघांचं टायपिंगवरून जुंपलं आणि मुली बाजूला राहिल्या.

मी सरांकडे गेले. दुरुस्ती छापू या, म्हटलं. सरांनी ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटलं, हे दिसत होतं. पण आमच्याकडे दुरुस्तीचा एक रिवाज आहे. ज्याची बातमी त्याची तक्रार. नगरसेवकाच्या नावापुढचं माननीय राहिलं तर त्याचा माणूस येतो, क्लासवाल्याचा फोन नंबर चुकला तर क्लासवाला येतो, आणि मग तिसऱ्या पानावर चौकट येते. आपणहून आपली चूक सांगायला गेलो तर रोज एक पान त्यालाच लागेल, असं सर म्हणाले. त्या मुलींच्या घरून कोणी तक्रार केली का? नाही. मग?

म्हणून मी तक्रार आणायला गेले.

वार्ताहराने मला बदलापूर स्टेशनवरून बाइकवर घेतलं. कुळगाव मागे पडलं, बारवीच्या रस्त्याला नव्या इमारतींच्या जाहिराती लागल्या, त्याही संपल्या, आणि एका उताराशी त्याने बाइक थांबवली. भात कापून झालेली खाचरं, त्यांच्या बांधावरून पायवाट, वर ठाकरांची वाडी. तो खालीच थांबला. मुलींना कंपनीत कामाला नेणारा ठेकेदार त्याला ओळखत होता.

ज्या मुलीच्या पोटरीवर मलम होतं ती मुरबाडकडे मामाकडे गेली होती आणि हिंडतफिरत होती. तिच्यापुरतं आमचं किरकोळ खरं होतं. दुसरी घरात होती. भिंतीला टेकून, हात मांडीवरच्या उशीवर ठेवून. तिची आई तांदूळ निवडत होती. मी पेपरातून आले म्हटल्यावर आईने सूप खाली ठेवलं.

“तुमीच लिवलंत का ते?”

मी म्हटलं, मी नाही, पण आमच्याच पेपरने. मग ती सांगायला लागली. आगीच्या दिवशी ठेकेदाराने दोघींना एका खासगी दवाखान्यात नेलं. पट्टी केली, मलम दिलं, घरी सोडलं. पुढे हात सुजला. वाडीवर येणाऱ्या आशाताईने पट्टी सोडून पाहिलं आणि सांगितलं, बोटांची कातडी एकमेकांना धरायला लागली आहे, मोठ्या सरकारी दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करा, नाहीतर बोटं आहेत तशीच चिकटून राहतील. आईने ठेकेदाराला निरोप पाठवला. तो आला. त्याने मोबाइलवर आमच्या बातमीचा फोटो दाखवला आणि सांगितलं, बघ, पेपरातसुद्धा किरकोळ आलंय. पेपरवाले काय खोटं लिहितात? सोमवारपासून डाव्या हाताने लेबलं लावायला पाठव. आणि तिला सरकारी दवाखान्यात नेलंस तर तिथे पोलीस विचारतील, मग या वाडीवर माझी गाडी पुन्हा येणार नाही.

त्याच्या गाडीतून वाडीतल्या आणखी चार मुली रोज कामाला जात होत्या.

आईला वाचता येत नव्हतं. ठेकेदाराच्या मोबाइलवरून ती बातमी मुलीनेच तिला वाचून दाखवली होती. मुलगी आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकलेली.  आता तिने मला विचारलं,

“ताई, किरकोळ म्हंजे सुट्टं ना? बदलापूरला दुकानावर पाटी आसते. ठोक आन किरकोळ.”

मी म्हटलं, तेही बरोबर आहे. पण इथे अर्थ थोडंसं, फार नाही, असा.

“मंग ठोकमधी जखमी कसा आसतो?”

आई तिच्यावर खेकसली, गप बस. मुलगी हसली. मला हसू आलं नाही.

मी आईला म्हटलं, मावशी, आत्ता उठा, मी बरोबर येते, खाली रिक्षा बोलावते, दवाखान्यात जाऊ. ती नाही म्हणाली. ठेकेदाराने सांगितलंय ते मोडून आपण गेलो तर चार घरांच्या चुली माझ्या नावाने विझतील. तिचा हिशोब सरळ होता. ठेकेदार पेपर दाखवून नाही म्हणाला, तर पेपरने ते किरकोळ काढावं. मग त्यालाच गाडी आणावी लागेल. मी उत्साहाने तिला समजावलं की चूक कुठे झाली आहे. मायनर म्हणजे लहान वयाची, आणि ते तसं छापायला हवं होतं. तुमची मुलगी पंधराची आहे, तिला त्या कामाला लावणं हाच गुन्हा आहे, तेच आपण लिहू.

माझं बोलणं संपायच्या आधी ती उभी राहिली होती.

“वय नाय लिवायचं,” ती म्हणाली. “किरकोळ तेवडं काडा. वय लिवलंत तर चारी पोरी घरी बसतील. मी वाडीत तोंड कसं दाखवू?”

मी तिला बरंच सांगून पाहिलं. पत्रकातली सगळी वाक्यं माझ्या तोंडाशी आली आणि तिथेच थिजली. समोरच्या बाईला तिचे हक्क ठाऊक नव्हते असं मी धरून चालले होते. तिला ते माझ्याइतकेच ठाऊक होते. त्यांची किंमत कोण भरणार, हेही ठाऊक होतं, आणि ते मला ठाऊक नव्हतं.

ऑफिसात परत येऊन मी सरांना म्हटलं, आई तक्रार करायला तयार आहे, फक्त वय नको. एक मुलगी गंभीर जखमी, एवढंच छापू. सरांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, गंभीर हे मी कसं म्हणू? ते डॉक्टरने म्हणायचं. दवाखान्याचा कागद ठेकेदाराकडे आहे. आपण डोळ्यांनी पाहून गंभीर लिहिलं तर उद्या कंपनीचा वकील येईल. आपण दुरुस्त करू शकतो ती आपली चूक. आपली चूक त्या एका शब्दात झाली. मायनरचं किरकोळ केलं, ते अल्पवयीन हवं होतं. एक शब्द काढायचा तर त्या जागी दुसरा घालावा लागेल. नुसता काढता येणार नाही.

ते चुकीचं बोलत नव्हते, आणि त्याचाच मला धक्का बसला. माझ्यासमोर दोन शब्द होते आणि त्यांतला एकच मिळणार होता. किरकोळ राहिला तर मुलीचा हात जाणार. अल्पवयीन आला तर चौघींचं काम जाणार.

संध्याकाळी घरी वडिलांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते संतापतील, टेबलावर हात आपटतील, उद्या त्या कंपनीच्या दारात जाऊ म्हणतील. त्यांनी कंपनी कुठल्या बाजूला आहे ते विचारलं. मग भात कालवत म्हणाले, आमच्या वेळीही ड्रम धुवायला पोरीच असायच्या. वाडीवरच्या.

मी म्हटलं, मग एकाही पत्रकात ते कसं नाही? मी सगळी वाचली आहेत.

“त्या सभासद नव्हत्या,” ते म्हणाले.

त्यांनी ते अगदी साधेपणाने सांगितलं, जसं आपण सांगतो की त्या दिवशी दुकान बंद होतं. मी ताटावरून उठले. बंधू-भगिनींनो, असं लिहायचे ते. भगिनी म्हणजे कोण, हे मी लहानपणापासून एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेस्कवर बसते तोच अनोळखी नंबरवरून फोन आला. मुलीचा आवाज. वाडीवरून निघताना मी तिला माझा नंबर लिहून दिला होता. शेजारच्या घरातला मोबाइल घेऊन ती बांधावर आली होती, कारण घरात रेंज नव्हती आणि आईही होती.

“ताई, लिवा. वय पन लिवा. बोटं चिकाटली.”

मी तिला विचारलं, आईला माहीत आहे का? ती म्हणाली, हात माझा हाय.

मी सरांच्या केबिनमध्ये अक्षरशः धावत गेले. तक्रार आली, म्हटलं. मुलीने स्वतः फोन केला. वय छापा म्हणते. सरांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. ते म्हणाले, “अगं, पण ती मायनर आहे ना? मायनरची तक्रार आपल्याला कशी चालेल? पालक हवेत.”

मला आधी कळलंच नाही ते काय बोलले. मग कळलं. भाजली तेव्हा ती आमच्या पेपरात पुरेशी मायनर नव्हती. आता बोलायला आली तर ती फारच मायनर होती. दादा दारात उभे होते. ते मागच्या मागे डेस्कवर गेले.

मी त्याच नंबरवर फोन लावला आणि आईला बोलावून घ्यायला सांगितलं. बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता. आई आली तेव्हा मी सगळं सांगितलं. मुलीने काय सांगितलं, सर काय म्हणाले. लपवावं असं एकदा मनात आलं होतं, पण लपवलं नाही. तिने विचारलं, पोरीचा हात, पोरीने सांगितलं, मग अजून माझं काय काम? मी म्हटलं, मावशी, ती लहान आहे, तिचं म्हणणं धरत नाहीत, आईबापाला विचारावं लागतं.

“कामाला लावताना ठेकेदारानं तिलाच इचारलं व्हतं,” ती म्हणाली. “मला नाय.”

मी फोन स्पीकरवर टाकून सरांच्या टेबलावर ठेवला. मला वाटलं ती रडेल, किंवा ओरडेल. ती दुकानात सामान सांगावं तसं सांगत गेली. पोर पंधरा वर्षांची आहे. तिला ड्रम धुवायला लावली होती. ड्रममध्ये उरलेल्याचा भडका उडाला. किरकोळ नाही. सरांनी हळू आवाजात विचारलं, बाई, विचार करून सांगताय ना?

“इचार करून झाला,” ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

दुरुस्ती मी लिहिली. दादांनी ती वाचून एकच शंका काढली. अल्पवयीन घातलं ते ठीक, पण मग पुढे ‘किरकोळ जखमी’ तसंच ठेवायचं का? बातमीत ते आलेलंच आहे. मी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. त्यांनी पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, नको तर नको. तिसऱ्या पानावर, मॉड्युलर किचनच्या जाहिरातीखाली चौकट आली: ‘कंपनीतील आगीच्या बातमीत दोघे किरकोळ जखमी असे प्रसिद्ध झाले होते. प्रत्यक्षात जखमी झालेल्या दोघी अल्पवयीन मुली आहेत. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’ दिलगीर हा शब्द आम्ही माननीय राहिलं तरी वापरतो.

त्यानंतर जे झालं ते इतक्या भराभर झालं की मला त्याचा आनंद होण्याऐवजी भीतीच वाटली. चौकट कोणीतरी मोबाइलवर पुढे पाठवली. मोठ्या पेपरांनी पहिल्या पानावर घेतली. सरकारी अधिकारी कंपनीत गेले. कंपनीने सांगितलं, मुली आमच्या नाहीत, ठेकेदाराच्या. ठेकेदार त्याच दुपारी स्वतः गाडी घेऊन वाडीवर गेला आणि मुलीला मोठ्या सरकारी दवाखान्यात भरती करून आला, कोणी पोहोचायच्या आत. एका चॅनेलवाल्याचा मला फोन आला. मायनरचा बाइट मिळेल का, चेहरा ब्लर करू. मी नाही म्हटलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तोही तोच शब्द वापरत होता, आणि त्याच्या आवाजात केवढी तरी आपुलकी होती. जळलेल्या हातासाठी यातलं कोणीही जागचं हललं नव्हतं. वयासाठी सगळे धावत आले. हात तोच होता. आठवडाभर तो उशीवर पडून होता.

ऑपरेशन झाल्यावर मी दवाखान्यात गेले. मांडीची कातडी काढून बोटांवर लावली होती. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडताना मला बाहेर जायला सांगितलं नाही, म्हणून मी थांबले. मुलीला त्या म्हणाल्या, हलव. अंगठा हलला. त्याच्या शेजारचं बोट हललं. मधलं किंचित. उरलेली दोन हलली नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उशीर झाला, पण व्यायाम केला तर एखादं अजून सुटेल. मुलीने डाव्या हाताने ती दोन बोटं धरून स्वतःच वाकवून पाहिली, पोपडा आलेली भिंत तपासावी तशी, आणि सोडून दिली.

आई खिडकीशी बसली होती.  मी आणलेली मोसंबी तिने घेतली आणि कॉटखाली सरकवली. मुलीने मला सांगितलं की ठेकेदाराची गाडी आता वाडीवर येत नाही. पाणवठ्यावर बाया आईशी बोलत नाहीत, तिची कळशी आली की बाजूला होतात. आईने तिला थांबवलं नाही. ऐकत बसली.

मी विचारलं, त्या चौघी मग घरीच आहेत का? मला खरंच वाटत होतं की निदान शाळेचं काही करता येईल. मी ओळखीच्या दोन शिक्षिकांना फोनही केला होता. मुलगी आईकडे पाहायला लागली.

आईने पदर नीट केला. चौघी परत कामाला लागल्या, ती म्हणाली. दुसरा ठेकेदार आहे. आता वाडीतल्या कुठल्याही पोरीला वय विचारलं तर ती एकोणीस सांगते. आयांनीच शिकवलंय. तुमच्या पेपरमुळे एवढं कळलं सगळ्यांना, की काय बोलायचं नाही.

माझ्या तोंडून लगेच निघालं, कुठे? कुठल्या कंपनीत? काय काम देतात?

मी खाली वाकून विचारत होते आणि माझा एक हात, मला न कळत, पिशवीत मोबाइल शोधत होता. तिने तो हात पाहिला.

“ताई, तू चांगली हायस,” ती म्हणाली. पहिल्यांदाच ती मला अगं-तुगं करत होती. “पन तुला नाय सांगायची. तू लिवशील.”

मग ती मुलीकडे वळली आणि डॉक्टरीणबाईंनी दाखवला तसा तिच्या बोटांचा व्यायाम घ्यायला लागली. न हलणारी दोन बोटं तिने आपल्या मुठीत धरली आणि हळू हळू आत वाकवत राहिली. मुलीने ओठ दाबून धरले होते.  दोघींनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.